कठीण लाकूड आणि चेनसॉची धार: ओंडका पारखण्यापासून कानस फिरवण्यापर्यंत

चेनसॉची चेन एखाद्या ओंडक्यात झटपट बोथट झाली की त्याचा दोष बहुतेक वेळा लाकडाच्या टणकपणावर टाकला जातो. टणकपणाचा त्यात वाटा असतो, हे खरे. परंतु लाकूड कापायला किती जोर लागतो आणि ते कापताना धार किती झिजते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. लाकडाचा टणकपणा मोजण्याची जांका ही प्रचलित कसोटी आहे. तिच्यात ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती बल लागते ते पाहतात. या कसोटीवर साग सुमारे ४,७०० न्यूटन, व्हाइट ओक सुमारे ६,००० न्यूटन आणि हिकरी सुमारे ८,१०० न्यूटन भरतो. केवळ या आकड्यांवर विसंबले, तर साग तिघांत चेनला सर्वांत सोपा वाटेल. प्रत्यक्षात स्वच्छ, ओली हिकरी कापताना धार बराच वेळ टिकते आणि वाळलेला साग मात्र तिच्यापेक्षा नरम असूनही धार लवकर खातो. या विसंगतीचे कारण समजले, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुसंगत वाटू लागतात.

धार नेमकी कशाने जाते

सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक असलेले खनिज द्रव्य, असते. तिचे प्रमाण वजनाच्या सुमारे १.४ टक्क्यांपर्यंत आढळते. झाड जमिनीतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका वर घेते आणि ती पेशींमध्ये सूक्ष्म कणांच्या रूपात साठत जाते. केरुइंग आणि कापूर या आग्नेय आशियातील इमारती लाकडांतही ती असते. नारळाचे खोड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या गटात बसत नाही, तरी त्याच्या तंतूंलगत सिलिकेचे कण असल्यामुळे चेनच्या दृष्टीने ते याच पंक्तीला बसवावे लागते. आफ्रिकेतील इरोकोच्या खोडात कधीकधी कॅल्शियम कार्बोनेटचे दगडासारखे गठ्ठे तयार होतात. ते बाहेरून दिसत नाहीत आणि चेन त्यांच्यावर आदळली की दाते एकदमच जातात.

चेनचे काम किती दाट असते, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. सोळा इंची बारवरची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पोलादी पट्टी) लहान चेन सुमारे १.०७ मीटर लांबीची असते. तिचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर धरला, तर प्रत्येक दाता सेकंदाला १८ ते १९ फेऱ्या मारतो. तीस सेंटिमीटर व्यासाचा ओंडका अर्ध्या मिनिटात कापला, तर तेवढ्या वेळात एकेक दाता लाकडातून सव्वाशे मीटरहून अधिक अंतर घासत जातो. म्हणूनच लाकडात अपघर्षक, म्हणजे घासून झिजवणारे, कण टक्काभर असले, तरी त्यांचा परिणाम एका कापातही जाणवण्याइतका मोठा होतो.

तरीही लाकडाच्या आतल्या सिलिकेपेक्षा सालीवर बसलेली वाळू अधिक घातक असते, हे मी आग्रहाने सांगेन. लाकडातली सिलिका स्फटिकरूप नसते आणि ती क्वार्ट्झपेक्षा थोडी नरम असते. वाळूतला क्वार्ट्झ मोह्सच्या मापावर (खनिजांचा कठीणपणा दाखवणाऱ्या १ ते १० च्या श्रेणीवर) ७ इतका कठीण असतो आणि दात्याचे पोलाद त्याच्या खाली येते. दात्याच्या वरच्या व बाहेरच्या पृष्ठावर कठीण क्रोमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो आणि कापणारी धार हा थरच धरून ठेवतो. वाळू क्रोमखालचे पोलाद कोरून काढते, आधार गेलेला क्रोम कडेने तुटतो आणि दात्याचा पुढचा कोपरा गोल होतो. धार गेली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते.

तिसरे कारण उष्णता. लाकूड दाट असेल, तेल कमी पडत असेल आणि चालवणारा बार दाबून धरत असेल, तर दाते तापतात. दात्यावर निळसर झाक आली, तर पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले असे समजावे. लोहारी भाषेत धारेचे पाणी उतरते आणि मग ती कितीही नीट घासली, तरी टिकत नाही. चौथे कारण रासायनिक आहे आणि त्याचा वाटा तुलनेने लहान आहे: ओक, खैर, बाभूळ यांसारख्या झाडांतील टॅनिन हे तुरट द्रव्य ओल्या अवस्थेत लोखंडावर क्रिया करते. ओला ओक कापून चेन तशीच रात्रभर ठेवली, तर सकाळी दात्यांवर काळेनिळे डाग दिसतात. काम संपल्यावर चेन पुसून तेलाचा हात फिरवला की एवढ्याने हा प्रश्न मिटतो.

पहिली पायरी: ओंडका पारखणे

यंत्र सुरू करण्यापूर्वी ओंडक्याभोवती एक फेरी मारावी आणि चार गोष्टी पाहाव्यात: जात, ओलावा, साल आणि आत धातू असण्याची शक्यता.

जात ओळखता आली, तर काय अपेक्षित आहे हे आधीच कळते. साग व सिलिकायुक्त इतर लाकडे हळूहळू पण सतत धार झिजवतात. अंजन, खैर, बाभूळ, शिसव, हिकरी, ब्लॅक लोकस्ट ही जड व दाट लाकडे जोर मागतात आणि उष्णता निर्माण करतात. ताजी व स्वच्छ असताना ती धारेशी बऱ्यापैकी सौजन्याने वागतात आणि वाळल्यावर मात्र कठोर होतात. निलगिरीच्या अनेक जातींत तंतू एकमेकांत गुंतलेले किंवा पिळाचे असतात, त्यामुळे दात्यावर पडणारा भार सारखा बदलत राहतो. दक्षिण अमेरिकेतील इपे १५,००० न्यूटनच्याही पुढे जाणारे लाकूड आहे. त्याच्यासमोर सामान्य धार फार काळ टिकेल अशी आशा न धरता कामाचे नियोजन करावे.

ओलाव्याचा प्रश्न जातीइतकाच महत्त्वाचा आहे. लाकडातले पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्क्यांपेक्षा खाली आले की पेशींच्या भिंती आक्रसून अधिक टणक होऊ लागतात, आणि १२ टक्क्यांपर्यंत वाळलेले लाकूड त्याच झाडाच्या ताज्या लाकडापेक्षा कितीतरी अधिक प्रतिकार करते. ताज्या लाकडातले पाणी दात्याला थंडही ठेवते. म्हणून निवडीला वाव असेल, तर कठीण जातीचे झाड पडल्यावर लवकरात लवकर त्याचे तुकडे करावेत आणि तुकडे वाळू द्यावेत. अख्खा ओंडका वाळवून नंतर कापणे म्हणजे तेच काम दुप्पट कानस झिजवून करणे होय. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना पडलेल्या भेगांत धूळही साठते, हे लक्षात ठेवावे.

साल खडबडीत आणि खोल भेगांची असेल, तर तिच्यात माती असणारच असे धरून चालावे. रस्त्याकडेचे झाड, पुरातून वाहून आलेला ओंडका, चिखलातून ओढत आणलेला बुंधा, किनाऱ्यालगतचे झाड या सर्वांची साल वाळूने भरलेली असते. वाळवी लागलेल्या लाकडाकडे विशेष लक्ष द्यावे. वाळवी सालीखाली आणि पोकळ गाभ्यात माती आणून भरते, त्यामुळे बाहेरून धुतलेला ओंडकाही आतून चेनची धार घालवू शकतो. टोकाला मातीचे पापुद्रे दिसले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या भागासाठी जुनी चेन वापरणे शहाणपणाचे ठरते.

धातूचा विचार कुंपण, रस्ता, अंगण आणि बांधकाम यांच्या जवळच्या झाडांबाबत करावाच लागतो. खिळे, तार, कड्या यांच्याभोवती झाड वाढत जाते आणि त्या आत गडप होतात. टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती काळानिळा डाग पसरतो, त्यामुळे ओंडक्याच्या टोकावर असा पट्टा दिसला, तर त्याच रेषेत वर कोठेतरी लोखंड असण्याची दाट शक्यता असते. अशा ओंडक्यासाठी हातातला धातुशोधक वापरावा. तो नसेल, तर डागापासून पुरेसे अंतर राखून काप घ्यावा.

दुसरी पायरी: चेन निवडणे

फुल चिझल चेनच्या दात्याचा पुढचा कोपरा टोकदार असतो. ती स्वच्छ, ताज्या लाकडात सर्वांत वेगाने कापते, परंतु तिचे सगळे सामर्थ्य त्या एका टोकात असल्यामुळे टोक गेले की चेन गेली. सेमी चिझल चेनचा कोपरा किंचित गोलाई दिलेला असतो; तिचा वेग थोडा कमी, पण वाळलेल्या, मातकट किंवा सिलिकायुक्त लाकडात ती कितीतरी जास्त वेळ काम देते आणि हाताने घासायलाही सोपी जाते. कठीण लाकडाचे मिश्र ओंडके कापणाऱ्याने सेमी चिझल हीच नेहमीची चेन मानावी आणि फुल चिझल फक्त स्वच्छ, ओल्या लाकडासाठी राखून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची टोके बसवलेल्या चेनही मिळतात. त्या अपघर्षक लाकडात फार काळ टिकतात, पण त्यांना नेहमीची कानस लागत नाही, हिऱ्याचे चाक लागते, आणि दगडावर आदळल्यास टोके उडतात. सतत सिलिकायुक्त लाकूडच कापायचे असेल, तरच त्यांचा विचार करावा.

पिच (चेनच्या कड्यांमधले अंतर), गेज (ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची संख्या बार व यंत्राशी जुळलीच पाहिजे. ते आकडे बारवर कोरलेले असतात. कामाला जाताना धार लावलेली किमान एक जादा चेन बरोबर असावी. ओंडक्याजवळ चिखलात बसून घाईत कानस चालवण्यापेक्षा चेन बदलणे सोपे असते.

तिसरी पायरी: चेन कठीण लाकडासाठी तयार करणे

दात्याच्या वरच्या पाटीचा (वरच्या सपाट भागाच्या धारेचा) कोन बहुतेक चेनवर ३० अंश दिलेला असतो. तो जितका तिरपा, तितकी धार पातळ आणि झटपट कापणारी, पण तितकीच नाजूक. वाळलेल्या, टणक लाकडासाठी कोन २५ अंशांच्या आसपास आणला, तर धारेमागे पोलाद अधिक राहते आणि ती जास्त टिकते. कोन बदलायचा असेल, तर सर्व दात्यांवर सारखाच बदलावा; डावी-उजवीकडे फरक पडला, तर काप एका अंगाला वळू लागतो.

दात्यासमोरचा उंचवटा म्हणजे डेप्थ गेज, ज्याला कारागीर रेकर म्हणतात, तो दाता किती खोल घुसेल हे ठरवतो. सामान्यतः तो धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावा. कठीण लाकडात चेन खात नाही म्हणून रेकर अधिक घासण्याचा मोह होतो आणि तो आवर्जून टाळावा. रेकर फार खाली गेला की दाता झेपेल त्याहून जाड छिलका उचलू पाहतो, चेन धडधडते, यंत्र अडते, धार चिरते आणि बार उसळून चालवणाऱ्याकडे येण्याचा धोका वाढतो.

तेलाचा पंप समायोजित करता येत असेल, तर दाट लाकडासाठी प्रवाह वाढवावा. बारचे टोक एखाद्या फिकट पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर धरून यंत्राचा वेग वाढवला, तर काही क्षणांत तिथे तेलाची रेघ उमटली पाहिजे. रेघ उमटली नाही, तर बारमधले तेलाचे छिद्र आणि खाच भुश्याने बुजली आहे का ते प्रथम पाहावे.

चौथी पायरी: ओंडका स्वच्छ करणे आणि कापाचा क्रम ठरवणे

या पायरीवर खर्च केलेली पाच मिनिटे सर्वांत जास्त धार वाचवतात. जिथे काप घ्यायचा त्या रेषेवर तारेच्या ब्रशने माती झाडावी. साल जाड व मातकट असेल, तर कुऱ्हाडीने तळहाताएवढ्या रुंदीचा पट्टा सोलून काढावा. पाणी उपलब्ध असेल, तर ओंडका धुणे सर्वांत उत्तम, कारण कोरडा ब्रश भेगांतल्या वाळूपर्यंत पोहोचत नाही.

ओंडका जमिनीपासून वर उचलून आडव्या लाकडांवर ठेवावा. तो उचलण्याजोगा नसेल, तर वरून साधारण तीन-चतुर्थांश खोलीपर्यंत सगळे काप घेऊन ठेवावेत, पहारीने किंवा ओंडका फिरवण्याच्या आकड्याने तो गडगडवावा, वर आलेली मातकट बाजू झाडून घ्यावी आणि मग उरलेला भाग कापावा. चेन जमिनीला क्षणभर टेकली, तरी एका संपूर्ण ओंडक्यात जात नाही एवढी धार जाते. म्हणून शेवटचे दोन बोटे लाकूड जमिनीच्या दिशेने अंदाजाने कापणे कटाक्षाने टाळावे. मोठा ओंडका दोन टोकांवर आधारलेला असेल, तर मध्यभागी काप मिटून बार अडकतो. अशा वेळी कापात पाचर ठोकावी.

चेनच्या दिशेचाही उपयोग करून घेता येतो. बारच्या खालच्या कडेने कापताना चेन टोकाकडून यंत्राकडे धावते. म्हणजे दाते ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूने आत शिरतात आणि अलीकडच्या बाजूने बाहेर पडतात. पलीकडच्या सालीवर चिखल असेल, तर तो कापात ओढला जाऊन ओंडक्याच्या सगळ्या रुंदीत दात्यांबरोबर घासला जातो. चिखल अलीकडे असेल, तर तो बाहेर फेकला जातो. तेव्हा उभे राहण्याची बाजू निवडता येत असेल, तर मातकट बाजू स्वतःकडे ठेवावी. बाहेर उडणाऱ्या मातीमुळे डोळ्यांवरची जाळी व चष्मा अशा वेळी विशेष आवश्यक ठरतो.

पाचवी पायरी: कापताना खुणा वाचणे

धारदार चेन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते आणि भुश्याऐवजी जाडसर छिलके टाकते. छिलक्यांऐवजी पीठ पडू लागणे, बार दाबावा लागणे, काप वाकडा जाणे आणि तेल भरपूर असतानाही धूर येणे या धार गेल्याच्या खुणा आहेत. मात्र या खुणा जातीनुसार वाचाव्या लागतात. पूर्ण वाळलेल्या कठीण लाकडात उत्तम धारेची चेनही बारीक छिलके टाकते, त्यामुळे पहिल्या दोन कापांत पडलेला भुसा हातात घेऊन पाहावा आणि नंतरच्या भुश्याची तुलना त्याच्याशी करावी. गाठीजवळ आणि फांदी फुटलेल्या भागात तंतूंची दिशा बदलते व लाकूड अधिक दाट असते. तिथे गती मंदावली, म्हणजे धार गेलीच असे समजू नये. गाठ ओलांडल्यावरही गती परत आली नाही, तर थांबावे.

थांबण्यात उशीर करू नये. बोथट दाते लाकूड कापण्याऐवजी घासतात, घासण्याने तापतात, तापल्याने आणखी बोथट होतात आणि बारच्या कडाही सोबत झिजवतात. शिवाय बोथट चेन अधिक बारीक धूळ उडवते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच केले आहे. वाळलेले कठीण लाकूड सलग कापताना चांगल्या प्रतीचा मास्क वापरावा.

सहावी पायरी: दात्यावरची झीज ओळखणे आणि धार लावणे

यंत्र बंद करून, हातमोजे घालून, दाता उजेडाकडे वळवून पाहावा. तीक्ष्ण धारेवरून प्रकाश परावर्तित होत नाही. जिथे पांढरी चकाकती रेघ दिसते, तिथे धार गोल झाली आहे. ही रेघ सर्व दात्यांवर सारखी आणि बारीक असेल, तर लाकडाच्या स्वतःच्या सिलिकेने किंवा नुसत्या दीर्घ वापराने झीज झाली आहे. बाहेरच्या कोपऱ्याची व बाजूच्या पाटीची झीज जास्त असेल आणि क्रोमची कड मागे सरकलेली दिसत असेल, तर ते काम वाळूचे. एकाच बाजूच्या काही दात्यांना खोल खाचा पडल्या असतील, तर खिळा किंवा दगड लागला. निळी झाक असेल, तर तेल, दाब आणि रेकर तपासावेत. कारण ओळखल्याशिवाय कानस फिरवली, तर पुढच्या ओंडक्यात तीच चूक पुन्हा होते.

गोल कानशीचा व्यास चेननुसार ठरतो: ३/८ इंच पिचच्या लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनसाठी साधारणतः ४ मिलिमीटर आणि ०.३२५ इंच पिचसाठी ४.८ मिलिमीटर, उत्पादकाच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. बार शिकंज्यात घट्ट धरावा. कानशीचा सुमारे पाचवा भाग दात्याच्या वरच्या पाटीच्या वर राहील अशी ती धरावी आणि आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब देत चालवावी. मागे आणताना उचलावी. एका बाजूचे सर्व दाते झाल्यावर दुसरी बाजू घ्यावी. किती वेळा घासायचे, याचा आकडा पाठ करून उपयोग नाही. गोल झालेला भाग आणि त्यावरची खराब क्रोमची कड पूर्णपणे निघून मागे अखंड क्रोम दिसेपर्यंत घासावे लागते. वाळूने झिजलेल्या चेनची वरची धार चमकली की बरेच जण थांबतात. कोपरा अजून गोलच असल्यामुळे ती चेन दोन कापांतच पुन्हा बोथट होते आणि दोष लाकडाला दिला जातो.

सर्वांत लहान दाता शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणावेत. तीन ते पाच वेळा धार लावून झाल्यावर रेकर मापपट्टीने तपासून सपाट कानशीने उतरवावेत आणि त्यांची पुढची कड पुन्हा गोल करावी. दात्यावर कोरलेल्या मर्यादेच्या खुणेपर्यंत झीज पोहोचली की चेन बाद करावी.

सातवी पायरी: नोंद ठेवणे

एका लहान वहीत प्रत्येक ओंडक्याची जात, व्यास, तो ओला की वाळलेला, सालीची स्थिती, चेनचा प्रकार आणि धार लावण्यापूर्वी झालेले काप लिहावेत. तुलना करताना कापांची नुसती संख्या घेऊ नये, कारण व्यास दुप्पट झाला की कापाचे क्षेत्रफळ चौपट होते. व्यासाचा वर्ग करून त्याला कापांच्या संख्येने गुणावे आणि तो आकडा जातीपुढे मांडावा. एकाच जातीच्या सोललेल्या व न सोललेल्या ओंडक्यांचे आकडे शेजारी ठेवले, तर सालीतल्या मातीचा वाटा वेगळा दिसतो. ओल्या व वाळलेल्या ओंडक्यांची तशीच जोडी लावली, तर वाळण्याचा परिणाम कळतो. दोन्ही बाबी वजा केल्यावर जातीजातींत जो फरक उरतो, त्यावरून पुढच्या कामासाठी कोन किती ठेवायचा, सेमी चिझल वापरायची का आणि किती जादा चेन बरोबर घ्यायच्या, हे ठरवावे.